बोटीवरच्या कन्व्हर्टरचा गोंगाट आधीच सांगता येतो का?

हर्णैकर
डेकवरचे एलईडी दिवे लावले की व्हीएचएफ रेडिओ खरखरतो. दोष दिव्यातल्या डीसी-डीसी कन्व्हर्टरचा, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होत बॅटरीचा व्होल्टेज दिव्याला हवा तसा बदलणाऱ्या सर्किटचा. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने 2018 मध्ये यावर सुरक्षा सूचना काढली होती. चॅनल 16 म्हणजे जीव वाचवायला हाक मारायचा चॅनल. तिथला गोंगाट समुद्रात गेल्यावर कळून काय उपयोग? उत्पादकाने तो डिझाइन करतानाच सिम्युलेशनवर पकडायला हवा.

मीटरवाला
असहमत. स्विचिंग लूपमध्ये, म्हणजे करंट चालू-बंद होतो त्या वाटेत, 10 नॅनोहेन्री इंडक्टन्स आणि 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स धरा, रिंगिंग (प्रत्येक स्विचिंगनंतर उठणारी आंदोलनं) 159 मेगाहर्ट्झला येतं. चॅनल 16 आहे 156.8 वर. बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक जरा आखूड होऊन 8 नॅनोहेन्री झाले की तेच 178 वर. चॅनलमधलं अंतर मात्र फक्त 25 किलोहर्ट्झ! बोर्ड बनवा आणि मोजा, दुसरा मार्ग नाही.

हर्णैकर
नेमका चॅनल सांगा असं कुठे म्हटलं? रिंगिंग या पट्ट्याच्या आसपास येतंय एवढं कळलं तरी स्नबरची (रिंगिंग दाबणाऱ्या छोट्या सर्किटची) जागा आधीच ठेवता येते. स्विचिंगची कड, म्हणजे चालू-बंद व्हायला लागणारा वेळ, 10 ऐवजी 20 नॅनोसेकंदांची केली, तर कडेमुळे येणारा नॉइज तिथे साधारण 6 डेसिबलने उतरतो. हे कागदावरही निघतं.

बंदरावरचा वायरमन
दोघंही बोर्डातच अडकलात. प्रयोगशाळेत दिव्याखाली धातूचा पत्रा असतो. आमच्या फायबरच्या बोटीला तो कुठला? मग कॉमन-मोड करंट (दोन्ही तारांतून एकाच दिशेने वाहणारा) इंजिन, बॅटरीच्या वायरी, मिळेल त्या वाटेने परत येतो. 156.8 ला पाव तरंगलांबी सुमारे 48 सेंटीमीटर, म्हणजे दिव्याची अर्ध्या मीटरची वायरसुद्धा अँटेना होऊ शकते. त्यात ती व्हीएचएफच्या केबलसोबत एकाच डोलकाठीला आवळून बांधतात. खाऱ्या हवेने हिरवे पडलेले जोड वेगळेच. हे तुमच्या मॉडेलमध्ये कोण घालणार?

मीटरवाला
म्हणूनच म्हणतो, बोटीवरच तपासा. दिवे बंद ठेवून शांत चॅनल लावा, खरखर थांबेल इथपर्यंतच स्क्वेल्च (रेडिओवरचं खरखर दाबणारं बटण) फिरवा, मग दिवे लावा. खरखर परत आली तर दिवाच दोषी. मीटरही लागत नाही.

हर्णैकर
चाचणी चांगलीच आहे, प्रत्येक तांडेलाने करावी. पण तोवर दिव्याचे पैसे गेलेले असतात, वायरीवरचा गोंगाट दाबणाऱ्या फेराइट आणि फिल्टरचा खर्चही त्याच्याच माथी. वायरमनदादांचा मुद्दा मला पटला. केबलची लांबी आणि पत्र्याशिवायची बोट, दोन्ही मॉडेलमध्ये घालता येतात. वाईटात वाईट लांबी धरून हिशोब करा, पण तो उत्पादकाने करायचा, तांडेलाने नाही.