गच्चीवर शेगडी नाही: सोसायटी ग्रुप, मुलुंड पूर्व

कदम सेक्रेटरी, सकाळी ९.१२
सर्वांना नमस्कार 🙏 दरवर्षीप्रमाणे ३१ डिसेंबरला गच्चीवर गेट-टुगेदर. पावभाजी बाहेरून येईल. स्टार्टर्स मात्र घरगुती आणि सोपेच ठेवावेत असं कमिटीत ठरलंय. कोथिंबीर वडी सावंत वहिनी, साबुदाणा वडे महिला मंडळ, वेफर्स आणि कोल्ड्रिंक पुरुष मंडळी. सहकार्य अपेक्षित.

सावंत वहिनी २०४, ९.१५
कदम साहेब, कोथिंबीर वडी सोपी असते हे कमिटीत कोण म्हणालं तेवढं सांगा. नाव कळलं तर बरं पडेल.

अमेय ५०३
🍿

सावंत वहिनी २०४
नाही म्हणजे राग नाही माझा. पण सहा जुड्या कोथिंबीर निवडायची, धुवायची, फडक्यावर पसरून कोरडी करायची कारण ओली राहिली की पीठ सैल होतं, मग वळकट्या उकडायच्या, गार होईपर्यंत थांबायचं नाहीतर कापताना भुगा, आणि एवढं झाल्यावर तळायच्या. गेल्या वर्षी १४० वड्या तळल्या मी. साडेनऊला घामेघूम होऊन वर आले तर ताटात दोन तुकडे आणि तीळ. वर एक जण विचारतो, वहिनी एवढा उशीर?

कदम सेक्रेटरी
वहिनी तुमच्या हाताला चव आहे म्हणूनच नाव घातलं, गैरसमज नसावा 🙏

सावंत वहिनी २०४
चव आहे म्हणून शिक्षा.

नाईक काका ७०१, ९.३१
गच्चीचे वॉटरप्रूफिंग मे महिन्यात झालेले आहे. गच्चीवर शेगडी, सिलेंडर, कढई काहीही नेता येणार नाही. कृपया सर्वांनी नोंद घ्यावी.

म्हात्रे ६०२
काका गच्चीवर तळायचं कोण बोलतंय? बरं माझं ऐका, वालाच्या शेंगांचा सीझन आहे, अलिबागवरून भाऊ येतोय ३० ला, शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला दोन्ही आणायला सांगतो. पोपटी लावू! मडकं माझ्याकडे आहे. एकदा खाल्लीत तर वडी बिडी विसराल

अमेय ५०३
म्हात्रे काका फॉर चेअरमन

नाईक काका ७०१
पोपटीला मडके उलटे ठेवून सभोवती जाळ करतात. म्हात्रे, आपण हे नव्या वॉटरप्रूफिंगवर करणार आहात काय? खाली माझा बेडरूम आहे.

म्हात्रे ६०२
विटा ठेवून करू ना काका, खाली पत्रा टाकू

नाईक काका ७०१
गच्चीचे वॉटरप्रूफिंग मे महिन्यात झालेले आहे. गच्चीवर शेगडी, सिलेंडर, कढई काहीही नेता येणार नाही.

अमेय ५०३
मडकं यादीत नाहीये काका, पळवाट आहे 😂

नाईक काका ७०१
चार पावसाळे मी पलंगाशेजारी बादली ठेवून झोपलो आहे. ज्यांचे छत गळत नाही त्यांना विनोद सुचतात.

(अमेयने मेसेज डिलीट केला)

देशपांडे काकू ३०२, १०.०५
सुप्रभात. कदम, ३१ तारखेला गुरुवार आहे आणि तोही मार्गशीर्षातला हे कमिटीत कोणी पाहिलं का? निम्म्या घरी घट मांडलेला असणार. संध्याकाळची पूजा, कहाणी, नैवेद्य हे सोडून महिला मंडळ वडे कधी तळणार? आणि साबुदाणा कशासाठी ते कळलं नाही. नैवेद्य दाखवला की उपास सुटतो, मग आम्ही रीतसर जेवतो. फक्त कांदा-लसूण नको त्या दिवशी.

म्हात्रे ६०२
म्हणजे पोपटीत चिकन पण नाही??

देशपांडे काकू ३०२
म्हात्रे, तुमच्या घरीपण घट आहे. वहिनींना विचारा आधी.

म्हात्रे ६०२
विचारलं. नुसत्या शेंगा.

शाह भाभी ४०१
आमच्या दोन घरांना बटाटा पण नाही चालत हां, म्हणून आधीच सांगते, नंतर लोक म्हणतात आयत्या वेळी सांगितलं. वड्यात बटाट्याच्या जागी कच्ची केळी उकडून घातली तर बाइंडिंग होतं बरोबर, कोणाला समजत पण नाही.

देशपांडे काकू ३०२
समजतं हो भाभी, पण छान लागतं 🙂

सावंत वहिनी २०४
केळी घाला नाहीतर बटाटा घाला, साबुदाणा जास्त भिजला की वडा कढईत फुटतो आणि तेल अंगावर येतं. मागे माझ्या मनगटावर आलं होतं, डाग अजून आहे. मुद्दा हा आहे की तळण कशाला?

प्रिया ५०२, ११.२०
हाय, मीटिंगमधून लिहितेय. वहिनींशी शंभर टक्के सहमत. वर शेगडी नाही, खालून तळून आणलं की थंड होऊन चामट होणार, मग गॅस न लागणारं काहीतरी करूया ना. एक मोठा लाकडी बोर्ड घ्यायचा, त्यावर चीजचे तुकडे, द्राक्षं, अक्रोड, क्रॅकर्स, हमस, काकडी-गाजराचे लांब तुकडे असं मांडायचं. दिसायला पण मस्त आणि दहा मिनिटांत होतं

देशपांडे काकू ३०२
प्रिया, पोळपाट चालेल का गं?

प्रिया ५०२
काकू 😭 हो चालेल

पाटील ट्रेझरर
चीज, अक्रोड २८ घरांना? वर्गणी घरटी ३५० आहे, त्यात पावभाजी आणि खुर्च्यांचं भाडंही आहे. बजेट बघून सुचवा प्लीज.

राणे ६०४
पाटील साहेब बजेटचा विषय काढलातच म्हणून, गेल्या वर्षीचे ११४० शिल्लक होते त्याचं काय झालं? विचारलेलं वाईट वाटून घेऊ नका

पाटील ट्रेझरर
त्याचे ट्यूबलाइट आणि गच्चीच्या दाराचं कुलूप आलं. बिल नोटीस बोर्डावर दोन महिने होतं. नोटीस बोर्ड लिफ्टच्या शेजारी आहे, लिफ्ट आपण वापरता असं मी धरून चालतो.

राणे ६०४
मी जिने चढतो. डॉक्टरांनी सांगितलंय.

नाईक काका ७०१
गच्चीचे कुलूप मी सुचवले होते. त्याच संदर्भात पुन्हा एकदा: गच्चीचे वॉटरप्रूफिंग मे महिन्यात झालेले आहे.

अमेय ५०३
सगळं बाहेरूनच मागवा ना मग, मंचुरियन

सावंत वहिनी २०४
मंचुरियनचं नाव काढू नकोस. दोन वर्षांपूर्वी ७५ प्लेट मागवल्या, माणसं ४८, आणि टेम्पो आला पावणेबाराला. बारा वाजता सगळे हॅपी न्यू इयर करतायत आणि मी आणि देशपांडे काकू फॉइल सोडवतोय.

देशपांडे काकू ३०२
आणि गार गोळे. टणक. पुढचे तीन दिवस कामवाल्या मावशीसुद्धा नको म्हणाल्या.

कदम सेक्रेटरी
कृपया जुने विषय नकोत. स्पीकरचंही सांगून ठेवतो, एरवी दहाची मर्यादा असते, ३१ ला परवानगी आली तरी बाराला बंद म्हणजे बंद. आता स्टार्टर्सचं फायनल करूया.

प्रिया ५०२
ओके बोर्ड कॅन्सल. मोनॅकोवर टॉपिंग? ती तर शाळेतली पार्टी डिश आहे सगळ्यांची

सावंत वहिनी २०४
चालेल, पण आधी मांडून ठेवायची नाहीत गं. टोमॅटो लावला की दहा मिनिटांत बिस्कीट लोळागोळा. घट्ट चक्का, त्यात मिरपूड आणि बारीक सिमला मिरची असं मिश्रण डब्यात न्यायचं, बिस्किटं पाकिटातच ठेवायची, आणि ज्याला खायचंय त्याने स्वतः लावून घ्यायचं. स्वतः. हात असतात सगळ्यांना.

अमेय ५०३
शेवटची ओळ फ्रेम करून लिफ्टमध्ये लावा

सावंत वहिनी २०४
बाकी सँडविच. हे खरं सोपं आहे, आणि पुरतं. फक्त ब्रेडच्या दोन्ही स्लाइसना कडेपर्यंत बटर लावा, कंजूषपणा नको, बटर नसलं की चटणी ब्रेडमध्ये मुरते आणि हातात धरलं की खालचा तुकडा गळून पडतो. चटणी वाटताना मूठभर डाळं घाला म्हणजे पाणी सुटत नाही, लिंबू आणि बर्फाचा एक खडा घाला म्हणजे हिरवीगार राहते. काकडीला आधी मीठ लावायचं नाही. कापून झाली की वर ओलं फडकं घट्ट पिळून टाकायचं, नाहीतर गच्चीवरच्या वाऱ्याने कडा वाळून कडक होतात. बिटाच्या चकत्या सगळ्यात शेवटी, सगळीकडे रंग लागतो.

शाह भाभी ४०१
आमची बटाटा विना वेगळी करायची हां वहिनी. आणि बीट पण जमिनीतलं आहे, ते पण नाही.

सावंत वहिनी २०४
काकडी, टोमॅटो, चीज. वेगळ्या थाळीत, वर चिठ्ठी लावून. पण भाभी तुमच्या थाळीचं चीज बाकीचे पळवतात त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा.

राणे ६०४
भेळ का नको? मुंबईत राहून भेळ कोणाला सुचली नाही याचं आश्चर्य वाटतं

देशपांडे काकू ३०२
सुचली असती हो राणे, पण कांदा. पुन्हा वाचा वरचं.

राणे ६०४
कांदा बाजूला ठेवता येतो काकू. कुरमुरे, फरसाण, शेव, डाळिंबाचे दाणे, कैरीच्या ऐवजी लिंबू. गोड आणि तिखट चटणी दोन बाटल्यांत. आठ-आठ जणांपुरती कालवायची, सगळी एकदम नाही. मी करतो. दादरला कॉलेजात असताना शिवाजी पार्कला एका भय्याकडे उभा राहून शिकलोय.

पाटील ट्रेझरर
हे बजेटमध्ये बसतं 👍

राणे ६०४
हिशोब मी लिहून देईन.

पाटील ट्रेझरर
👍

म्हात्रे ६०२
मग माझ्या शेंगांचं काय? भावाला सांगून बसलोय, पाच किलो

सावंत वहिनी २०४
घरी मोठ्या पातेल्यात उकडा ना भावजी. तळाला पाला, वर शेंगा, ओवा, जाडं मीठ, वरून परत पाला, घट्ट झाकण, मंद गॅस. पाणी अगदी थोडं. पातेलं तसंच टॉवेलमध्ये गुंडाळून वर न्या, तासभर गरम राहतं.

म्हात्रे ६०२
वहिनी त्याला पोपटी बोलत नाहीत. मडकं नाही, जाळ नाही, धूर नाही. माझी आई ऐकेल तर जेवणार नाही

देशपांडे काकू ३०२
आईंना सांगू नका. आम्हाला आणा.

नाईक काका ७०१, १.४०
गरम पातेले थेट फरशीवर ठेवू नये. खाली लाकडी पाट ठेवावा.

अमेय ५०३
काकांनी पोपटीला मंजुरी दिली!!!

नाईक काका ७०१
मंजुरी नाही. अट आहे. शेंगांची टरफले गच्चीवरील पाइपात जाऊ नयेत, जाळी नुकतीच बदलली आहे. मला वालाच्या शेंगा आवडतात, पण तो मुद्दा वेगळा.

कदम सेक्रेटरी, २.१०
छान. तर सँडविच सावंत वहिनी, भेळ राणे साहेब...

सावंत वहिनी २०४
थांबा. सँडविच सावंत वहिनी नाही. मी चटणी करून देईन, बास. ब्रेड, बटर, काकडी, कापाकापी तुम्ही, पाटील, अमेय आणि माझे हे. संध्याकाळी सहाला क्लबहाऊसमध्ये. सुरी घरून आणायची.

कदम सेक्रेटरी
मला ऑफिसमधून यायला साडेसात होतात त्या दिवशी 🙏

सावंत वहिनी २०४
मग तुम्ही कडा कापा. त्या शेवटी असतात.

अमेय ५०३
मला काकडी सोलता येत नाही पण शिकेन

देशपांडे काकू ३०२
सालासकट ठेव. धुऊन घे म्हणजे झालं.

सावंत वहिनी, रात्री १०.५२
चिंचेची चटणी आजच करून फ्रीजमध्ये ठेवलीय, हिरवी त्या दिवशी सकाळी वाटेन. दोन्ही डबे माझे आहेत, झाकणासकट परत हवेत. गेल्या वर्षी वडीचा डबा आला, झाकण नाही आलं.

राणे ६०४
निळं होतं का? गोल?

सावंत वहिनी २०४
हो.

राणे ६०४
आमची हिने त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय. सकाळी घासून पाठवतो.