मदत हवी आहे: आयबीडी (आतड्यांचा दीर्घकालीन दाह) असलेल्या मुलांच्या धमन्यांचा ताठरपणा मोजताना

क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आयबीडीचे दोन मुख्य प्रकार) असलेल्या मुलांची पल्स वेव्ह व्हेलॉसिटी (धमनीतून नाडीची लहर जाण्याचा वेग; धमनी जितकी ताठर तितका तो जास्त) तुम्ही वयाच्या तक्त्याशी ताडता की उंचीच्या? या आजारात वाढ खुंटते. 12 वर्षांचं मूल 9 वर्षांच्या चणीचं असेल, तर लहान चणीत वेग मुळातच कमी असल्याने वयाच्या तक्त्यावर आकडा उगाच चांगला दिसतो. त्यामुळे मला उंचीचा झेड-स्कोअर (तेवढ्या उंचीच्या मुलांच्या सरासरीपासून आकडा किती दूर आहे ते) जास्त पटतो. कोणी दोन्ही लावून पाहिलेत का?

दुसरा पेच प्रेडनिसोलोनचा, म्हणजे दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइडचा. त्याने रक्तदाब चढतो, आणि दाब चढला की धमनी आहे तशीच असूनही वेग वाढतो. मग कोर्स संपल्यावर किती थांबून मोजता? सीआरपी (रक्तातली दाहाची तपासणी) आणि मलातलं कॅल्प्रोटेक्टिन (आतड्यातल्या दाहाची खूण) त्याच आठवड्यात करता का? आजार उसळलेला असताना घेतलेला एकटा आकडा मला तरी भरवशाचा वाटत नाही.

टेपचंही सांगा. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. मानेपासून जांघेपर्यंतचं अंतर फुगलेल्या पोटावरून घेतलं की ते वाढतं. 50 सेंटीमीटरला 2 सेंटीमीटर जास्त आले तर वेग सरळ 4 टक्क्यांनी जास्त. तुम्ही कॅलिपर (सरळ रेषेत अंतर मोजणारं साधन) वापरता का? कृपया तुमची नेमकी पद्धत लिहा, पडून किती मिनिटं विश्रांती देता तेही.