मदत हवी आहे: खळ्यात ऐकतो, रापणीजवळ ऐकत नाही

गावठी कुत्रा, वय १० महिने, मालवणजवळच्या देवबागचा किनारा. खळ्यात (घरापुढच्या अंगणात) 'ये' म्हटलं की १० पैकी १० वेळा येऊन समोर सरळ बसतो. किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढत असले की जेमतेम ३ वेळा येतो. आला तरी वाकडा बसतो, म्हणून खाऊ न देता परत करून घेतो. रोज अर्धा तास सराव आहे, तरी उलट बिघडतच चाललंय. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १
खाऊ अडवता तिथेच. ताज्या मासळीचा वास सोडून तो तुमच्याकडे आला आणि हाती काहीच लागलं नाही. पुढच्या वेळी कशाला येईल? वाकडा बसू दे, उभा राहू दे. 'ये' म्हणजे फक्त येणं. बसणं घरी वेगळं शिकवा.

रापणीपासून इतकं लांब उभं राहा की तो तिकडे बघेल, पण दोरी ताणणार नाही. ७०-८० मीटरवरून सुरुवात करून बघा. १० मीटरची दोरी हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) बांधा. गळपट्ट्याला बांधली तर हिसका मानेला बसतो. 'ये' एकदाच म्हणायचं. मान वळली की त्याच क्षणी 'शाब्बास', आणि पोचल्यावर कोंबडीच्या उकडलेल्या बिनमिठाच्या काळजाचा वाटाण्याएवढा तुकडा. ३ सेकंदांत हलला नाही तर हाकांवर हाका नकोत, त्या हाकेला मग किंमत राहत नाही. दोरी गुंडाळत त्याच्यापर्यंत जा आणि आणखी लांबून सुरू करा. १० पैकी ८ जमले की १० मीटर पुढे, ५ किंवा कमी आले तर मागे, मधलं असेल तर तिथेच. ५ मिनिटं, दिवसातून दोनदा, बास. आणि आला की दर वेळी घरी नेऊ नका. खाऊ देऊन 'जा' म्हणा. या वयात शिकलेलं विसरल्यासारखं करतातच, घाबरू नका.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, पण 'सोड' (म्हणजे तोंड लावू नको) मात्र पक्कंच हवं. जाळ्यात आलेला केंड (फुगणारा विषारी मासा) वाळूवर फेकून देतात. त्याच्या काळजात, गाबोळीत (अंड्यांत) आणि कातडीत विष असतं, शिजवूनही जात नाही. बंद मुठीत बिस्किट धरा. नाक मागे घेतलं की दुसऱ्या हातातून त्याहून चांगला खाऊ. मुठीतलं बिस्किट कधीच द्यायचं नाही. मग उघडा तळहात, मग जमीन, शेवटी कुत्र्याला दोरीवर ठेवून वाळूतला बांगडा. केंड खाल्ल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरकडे न्या.

धागाकर्ता
तोवर मोकळा सोडायचाच नाही का?

प्रतिसाद २
रापणीच्या बाजूला नाही. दुसऱ्या टोकाला, वाळू आधी स्वतः फिरून बघा, मग सोडा.