स्वित्झर्लंडच्या गोम्स खोऱ्यातलं जुनं लाकडी शाले (डोंगरातलं पारंपरिक घर) घ्यावं का? आतून आलिशान करायचं आहे

मृण्मयी_बर्न:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं बर्नमध्ये भाड्यानं राहतो. दोघांचे पासपोर्ट भारतीय, इथला राहण्याचा परवाना परमिट बी. नवरा रोज आगगाडीनं फिस्पला नोकरीला जातो. वाले कँटनमध्ये (कँटन म्हणजे इथला प्रांत), गोम्स खोऱ्यातल्या एका गावात एक घर विक्रीला आहे. खाली दगडी तळघर, वर काळ्या पडलेल्या लार्च लाकडाचे दोन मजले, बैठकीच्या छतातल्या मधल्या तुळईवर १७४१ कोरलेलं. दगडी शेगडी जागेवर आहे. शेजारी दगडी चकत्यांवर उभं असलेलं धान्याचं कोठारही व्यवहारात येतं. मागणी साडेचार लाख फ्रँक.

एजंट म्हणतो, सुट्टीचं लक्झरी घर म्हणून घ्या: दर्शनी भिंत काढून काच, पोटमाळ्यावर सौना, कोठारात पाहुण्यांची खोली. मला हे घर फार आवडलंय. सही करण्याआधी काय काय तपासू?

तुळई:
मृण्मयीताई, मी ब्रिगमध्ये अशाच घरांच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कायदा. परदेशी व्यक्तींच्या घरखरेदीवर १९८३ चा कायदा आहे, सगळे त्याला लेक्स कोलर म्हणतात. तुम्ही युरोपीय संघाच्या नागरिक नाही आणि परमिट बी आहे. त्यामुळे सुट्टीचं घर म्हणून घ्यायला कँटनची परवानगी लागेल. अशा परवानग्या देशभरात वर्षाला १,५०० आणि घर साधारण २०० चौरस मीटरपर्यंतच. मात्र तुम्ही खरोखर राहायलाच तिथं जाणार असाल, तर मुख्य घर म्हणून ही परवानगी लागत नाही. नवऱ्याची नोकरी फिस्पला आहे आणि गोम्सहून तिथं थेट रेल्वे जाते. हा विचार मनापासून करून बघा. फक्त मग ते घर भाड्यानं देता येणार नाही.

दुसरं, ११ मार्च २०१२ चं सार्वमत. ज्या गावात दुय्यम घरांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर, तिथं नवी सुट्टीची घरं जवळपास बंद. तुमचं गाव त्यात असण्याचीच शक्यता जास्त. त्या तारखेला जे कायदेशीर राहतं घर होतं, ते वापरायला मोकळीक आहे. कोठार मात्र राहतं घर नव्हतं. तिथं पाहुण्यांची खोली हा वेगळा, अवघड अर्ज आहे. एजंटच्या शब्दावर त्याचे पैसे मोजू नका.

आता घर. काचेची भिंत ऐकून मला वाईट वाटलं. या घरात आडव्या तुळया कोपऱ्यांवर खाचा पाडून एकमेकींत बसवलेल्या असतात. सगळं घर त्या कोपऱ्यांवर एकसंध उभं असतं. दर्शनी भिंत काढली की पकड गेली, मग आतून पोलादी सांगाडा घालावा लागतो आणि उरतं ते लाकडाचं आवरण. शिवाय तुळया ऋतूप्रमाणे फुगतात, आकसतात, खाली बसतात. ताठ काचेला ते सोसत नाही. घर संरक्षित यादीत असेल तर परवानगी मिळणारही नाही, आणि मिळू नये असंच माझं मत आहे. त्या दक्षिणमुखी लार्चला हा काळा रंग उन्हानं दिलाय, पॉलिशनं नाही. तो विकत मिळत नाही.

आलिशान म्हणजे काय ते या घराच्या चालीनं ठरवा. सौना पोटमाळ्यावर नको, वाफ थंड वाशांवर जाऊन बसते. दगडी तळघर त्याला योग्य. उष्णतारोधन आधी छप्पर आणि खालच्या जमिनीत करा. भिंतींना आतून करायचंच तर लाकडी तंतूंच्या पाट्या. फोम लावला तर ओल तुळईत अडकते आणि ती हळूहळू आतून कुजू शकते, बाहेरून कळतही नाही. बैठकीची खोली मी उघड्या लाकडाचीच ठेवीन. ती शेगडी स्वयंपाकघरातून पेटवतात, त्यामुळे बैठकीत धूर नाही की राख नाही, आणि दगड तासन् तास ऊब देत राहतो. ती कुणी काढा म्हणालं तर ऐकू नका.

छत मात्र बुटकं असेल, कदाचित दोन मीटरहूनही कमी. उंच माणसं असाल तर आत उभं राहूनच ठरवा.

बर्फाळवाट:
गावाच्या कार्यालयातून हिमस्खलनासारख्या धोक्यांचा नकाशा मागा. लाल पट्ट्यात घर असेल तर मी पुढे जाणार नाही, निळ्यात असेल तर अटी वाचा. फेब्रुवारी १९९९ मध्ये याच कँटनमधल्या एव्होलेनला हिमस्खलनानं बारा जण गेले, त्यामुळे इथं हा विषय हलका घेत नाहीत. आणि १९९० च्या आधी स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर बदललं असेल तर तोडफोडीपूर्वी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या.

मृण्मयी_बर्न:
दोघांचेही खूप आभार. काच बाद. तिथंच राहायला जायचं का, यावर घरी गंभीर बोलणं सुरू झालंय. एक प्रश्न: खालची तुळई एका कोपऱ्यात बोटानं दाबली तर मऊ लागते. हे घर सोडून द्यावं का?

तुळई:
तेवढ्यावरून नाही. सर्वांत खालची तुळई पावसाचे शिंतोडे आणि बर्फ झेलते, तीच आधी जाते. जॅक लावून घर थोडं उचलतात आणि तेवढी तुळई बदलतात. पूर्वी तर अशी घरं तुळयांना खुणा करून, उतरवून दुसऱ्या गावी नेऊन उभी करत. चांगला सुतार हे करतो. सहीच्या आधी त्याला सोबत न्या, सुई टोचून किती खोल कुजलंय ते तो सांगेल.

मला जास्त काळजी मालकीची आहे. वालेमध्ये वारसांत समान वाटणी होत आली, त्यामुळे वरचा मजला एकाचा, तळघर चुलतभावाचं, कोठाराचा एक हिस्सा तिसऱ्याचा, असं सर्रास सापडतं. ग्रुंडबुख म्हणजे जमिनीच्या नोंदवहीतला उतारा काढा, वाटेचे आणि पाण्याचे नोंदलेले हक्कही त्यातच दिसतील. मग कँटनच्या जुन्या वास्तूंचं जतन पाहणाऱ्या विभागाला भेटा. संरक्षित घराच्या दुरुस्तीला अनुदान मिळू शकतं, पण अर्ज काम सुरू होण्याआधी करावा लागतो.

उतारा आला की नावं झाकून इथं टाका. हिश्श्यांची पानं मी वाचून देईन.