आईच्या डोळ्याला बोटॉक्स सांगितलंय, घ्यावं का?

शाहूपुरीकर:
आईचं वय ६३. बरेच दिवस झाले, दोन्ही डोळे आपोआप गच्च मिटतात. आधी डोळा फडफडतोय म्हणून सोडून दिलं, मग चष्मा बदलला, थेंब झाले, काय फरक नाही. आता महाद्वार रोडला गर्दीत तिचा हात धरूनच चालायला लागतंय, मधेच डोळे मिटले की बोटानं पापणी वर करते बिचारी. डॉक्टर म्हणाले ब्लेफरोस्पाझम, बोटॉक्स द्यायला लागेल. घरात दंगा सुरू. बाबा म्हणतात या वयात सुरकुत्या घालवून काय करायचंय, मावशी म्हणते ते विष असतंय. कुणाला अनुभव आहे का?

तांबडा_पांढरा:
बाबांना सांगा, हे औषध आलंच मुळी डोळ्यासाठी. सॅन फ्रान्सिस्कोचे अ‍ॅलन स्कॉट म्हणून डोळ्यांचे डॉक्टर तिरळेपणावर ऑपरेशनशिवाय काय करता येतंय का बघत होते, त्यातनं हे निघालं, आणि १९८९ ला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती तिरळेपणा आणि तुमच्या आईंना आहे त्याच आजारासाठी. भुवयांमधल्या आठ्यांचा नंबर लागला २००२ ला. मावशींचं पण खरं आहे, जंतूचं विषच ते, पण डोस एकदम बारीक आणि ठरलेल्या स्नायूतच देतात. नसेकडनं स्नायूला आवळायचा निरोप जातो तो अडतो, स्नायू सैल पडतो. साधारण ३-४ महिन्यांनी असर उतरतो, मग परत घ्यायचं. आजार मुळातनं जात नाही, हे आधीच डोक्यात ठेवा.

उन्हाळी_आंबील:
मी मायग्रेनसाठी घेते. महिन्यातनं १५ किंवा जास्त दिवस डोकं धरतं त्यांनाच देतात हे, उगाच कधीतरी दुखतं म्हणून नाही. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान, खांदे असं मिळून ३१ जागी बारीक बारीक सुया, १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी. कपाळावरची सुई चांगलीच झोंबते. आणि ऑफिसात सगळ्या विचारतात कपाळ एवढं गुळगुळीत कसं गं, आता ह्यांना काय सांगायचं 😄

राजारामपुरी_गल्ली:
मधेच विचारतोय, बहिणीचं लग्न आहे, पार्लरवाली म्हणती बोटॉक्स नाहीतर फिलर करून देते, स्वस्तात. करू का?

तांबडा_पांढरा:
अजिबात नको! दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. फिलरमधे बहुतेक वेळा हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं जेल असतं, ते खड्डा भरतं, आणि चुकून रक्तवाहिनीत गेलं तर नजर जाऊ शकते. बोटॉक्स चुकीच्या जागी उतरलं तर पापणी खाली येते, ती सुधारायला कधी कधी कित्येक आठवडे जातात, लग्नाच्या फोटोत एक डोळा अर्धा मिटलेला बघायचाय का? त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडंच जावा, औषधाचं सील समोर फोडायला सांगा, आणि शेवटच्या आठवड्यात तर करूच नका, पूर्ण असर यायला दोन आठवडे लागतात.

शाहूपुरीकर:
धन्यवाद, बाबा जरा नरमलेत. आईला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, चालेल का?

उन्हाळी_आंबील:
ते डॉक्टरांना आधी सांगा, गोळी आपल्या मनानं बंद करू नका. सुईच्या जागी काळंनिळं जास्त होऊ शकतं. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल, नाहीतर जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर तेही सांगायचं. नंतर डोळे चोळायचे नाहीत. आणि थेंब विचारून घ्या, पापणी नीट मिटत नसली की डोळा कोरडा पडतो. गिळायला, बोलायला, श्वास घ्यायला त्रास वाटला तर मात्र तडक दवाखाना गाठायचा.