टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा): मी पेपर एक दिला, पण विषय शिक्षकाला पेपर दोन लागतो का? (मदत हवी आहे)

डोंगरशाळा:

सर्वांना नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवीच्या शाळेत शिक्षक आहे. माझी नियुक्ती २००२ मध्ये शिक्षणसेवक म्हणून झाली, त्या वेळी माझ्याकडे बारावी आणि डी.एड. एवढीच पात्रता होती. नोकरी सांभाळून मी पुढे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतली आणि त्या पदवीच्या आधारे मला सामाजिक शास्त्रांचा विषय शिक्षक (वरच्या वर्गांना ठरावीक विषय शिकवणारा) म्हणून पदस्थापना मिळाली. पदवीधर वेतनश्रेणी मात्र मिळालेली नाही. ती सर्वच विषय शिक्षकांना मिळत नाही, हे येथील शिक्षक मंडळींना सांगायला नको.

सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आल्यावर, ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा अधिक उरली आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे भाग आहे, एवढाच बोध आमच्या केंद्रातील (परिसरातील शाळांच्या गटातील) सर्वांना झाला, आणि त्या घाईत मी २३ नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेचा अर्ज भरला. मूळ नियुक्ती प्राथमिक शिक्षक म्हणून असल्याने मी फक्त पेपर एक (पहिली ते पाचवीसाठीचा) निवडला. परीक्षेच्या दिवशी उत्तरपत्रिकेची गोलं काळ्या पेनाने भरताना हात किती सावकाश चालतो, हे तेवीस वर्षे मुलांना ‘वेळेकडे लक्ष ठेवा’ असे बजावणाऱ्या माणसाला प्रथमच कळले. शेवटची अकरा गोलं मी प्रश्न न वाचताच भरली.

अंतरिम उत्तरसूचीवरून पडताळून पाहिले, तर मला १५० पैकी ८४ गुण मिळतात. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र १४, मराठी २४, इंग्रजी १३, गणित १४ आणि परिसर अभ्यास १९, असा तो हिशेब आहे. मी खुल्या प्रवर्गातील असल्याने मला ९० गुण हवेत, म्हणजे सहा गुणांनी मी मागे आहे. अद्याप अंतिम निकाल लागायचा असला, तरी सहा गुणांचा फरक उत्तरसूचीतील दुरुस्तीने भरून निघेल, असे मी धरून चाललेलो नाही.

आता सहकारी सांगतात की, तुम्ही सहावी-सातवीला शिकवता, तेव्हा तुम्हाला पेपर दोनच लागेल आणि पेपर एक उत्तीर्ण झालात तरी त्याचा उपयोग नाही. दुसरे सहकारी सांगतात की, नियुक्ती २०१० पूर्वीची असल्याने तुम्हाला सूट आहे, उगाच धावपळ करू नका. तिसरा सल्ला सीटीईटी, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा, देण्याचा आहे. व्हॉट्सॲपवर रोज एक नवे पत्रक येते आणि त्याखाली कोणाचीही सही नसते. कृपया जाणकारांनी सांगावे की, मी कोणता पेपर द्यावा, सीटीईटी चालते का, आणि दोन्ही प्रयत्न फसले तर सेवेचे नेमके काय होते.

एक प्रश्न आमच्या मुख्याध्यापिका बाईंच्या वतीने विचारतो. त्यांची जन्मतारीख १ ऑगस्ट १९७२ आहे. त्या ३१ ऑगस्ट २०३० रोजी निवृत्त होतील असे धरून गटातील लोकांनी त्यांची पाच वर्षे पूर्ण भरतात असे ठरवले आहे, आणि ऐन गौरी-गणपतीपासून बाई अस्वस्थ आहेत.

जुनेजाणते:

गुरुजी, आधी बाईंचे सांगतो, कारण त्यांची चिंता एका ओळीत मिटण्यासारखी आहे. ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली असते, तो आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे बाईंची निवृत्ती ३१ जुलै २०३० रोजी आहे आणि १ सप्टेंबर २०२५ पासून मोजल्यास त्यांची सेवा चार वर्षे अकरा महिने उरते. त्यांना निवृत्तीपर्यंत टीईटीशिवाय सेवेत राहता येईल. (आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गाला १ जून ही जन्मतारीख लावलेली असे, त्यामुळे हा नियम आम्हाला पाठ आहे.) मात्र बाईंना केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी होण्याची इच्छा असेल, तर त्यांनाही टीईटी लागेल, कारण पाच वर्षांची सवलत केवळ सेवेत राहण्यापुरती आहे आणि पदोन्नतीला ती लागू नाही.

आता २०१० पूर्वीच्या नियुक्तीविषयी. ही समजूत आकाशातून पडलेली नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने टीईटीसह किमान पात्रता ठरवली, तेव्हा आधी नियुक्त झालेल्या शिक्षकांना त्यातून वगळले होते, आणि त्या आधारे आपण सर्व जण पंधरा वर्षे निश्चिंत राहिलो. परंतु शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ मध्ये २०१७ साली दुरुस्ती झाली आणि ३१ मार्च २०१५ रोजी सेवेत असलेल्या, पण किमान पात्रता नसलेल्या शिक्षकांना ती मिळवण्यासाठी चार वर्षांची मुदत देण्यात आली. न्यायालयाने कायद्यातील तरतुदीला अधिसूचनेपेक्षा वरचे स्थान दिले. त्यामुळे कायदा येण्यापूर्वी नियुक्त झालेल्या आणि पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या शिक्षकांनाही निकालाच्या दिनांकापासून दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे लागेल. तुम्ही थेट याच वर्गात बसता. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे पाठवलेला आहे, पण त्याचा तुमच्याशी संबंध नाही.

मुदतीत उत्तीर्ण न झाल्यास सेवा सोडावी लागेल किंवा सक्तीने निवृत्त केले जाईल, असे निकालात म्हटले आहे. अशा शिक्षकाची अर्हताकारी सेवा (निवृत्तीच्या लाभांसाठी आवश्यक तेवढी सेवा) नियमांप्रमाणे भरत असेल, तर निवृत्तीचे लाभ त्याला मिळतील. तुमची सेवा तेवीस वर्षांची आहे, तेव्हा हातात काहीच राहणार नाही ही भीती काढून टाका. मात्र वय पंचेचाळीस-सेहेचाळीस असताना मिळणारे निवृत्तिवेतन आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळणारे निवृत्तिवेतन यांतील अंतर एकदा कागदावर मांडून पाहा, म्हणजे अभ्यासाला बसावेसे वाटेल.

लढाऊ_गुरुजी:

मला या सल्ल्याचा सूर पटत नाही. तेवीस वर्षे ज्याच्या हातून मुले शिकून बाहेर पडली, त्याची पात्रता आज दीडशे प्रश्नांनी ठरवायची, हेच मुळात अन्यायाचे आहे. ५ डिसेंबर २०२५ रोजी राज्यभर शाळा बंद ठेवून आपण हेच सांगितले. अनेक राज्यांनी पुनर्विचार याचिकेचा मार्ग धरला आहे. सर्व जण मुकाट्याने परीक्षेला बसले, तर शिक्षकांना ही अट मान्य आहे असा त्याचा अर्थ लावला जाईल. माझ्या मते धीर धरावा.

जुनेजाणते:

अन्याय वाटतो याबद्दल आपला वाद नाही. मीही त्या दिवशी मोर्चात होतो. परंतु याचिका दाखल झाल्याने मुदत थांबत नाही, त्यासाठी स्थगितीचा आदेश लागतो. परीक्षेला बसल्याने आंदोलनाचा हक्कही जात नाही. दोन वर्षे ३१ ऑगस्ट २०२७ च्या सुमारास संपतात आणि राज्याची परीक्षा साधारणपणे वर्षातून एकदाच होते, एवढे ध्यानात ठेवून प्रत्येकाने आपापला निर्णय घ्यावा.

रेघोटी:

सर, मी सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते आणि सेवेत असतानाच टीईटीचा पेपर दोन व सीटीईटी अशा दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झाले आहे, म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाविषयी लिहिते.

टीईटीची रचनाच स्तरानुसार आहे. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक आणि सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. तुमची आजची पदस्थापना सामाजिक शास्त्रांच्या विषय शिक्षकाची आहे, त्यामुळे त्या पदाशी जुळणारा पेपर दोनच आहे. तरीही मी तुम्हाला दोन्ही पेपर द्यायला सांगेन. पेपर एक सकाळी आणि पेपर दोन दुपारी असल्याने एकाच दिवशी दोन्ही देता येतात. उद्या संचमान्यतेत (पटसंख्येनुसार शिक्षकांची पदे ठरवताना) तुमचे विषय शिक्षकाचे पद कमी झाले आणि तुम्हाला पुन्हा पाचवीपर्यंतच्या वर्गांवर यावे लागले, तर पेपर एक हाताशी असलेला बरा.

मात्र तुमचे गुण वाचून मला वेगळेच काही सुचले. तुम्ही पेपर दोनला घाबरता असे दिसते, पण तुमच्यासाठी तोच सोपा आहे. पेपर एकमध्ये गणिताच्या ३० गुणांपैकी तुमचे १६ गेले. पेपर दोनमध्ये सामाजिक शास्त्रे हा पर्याय घेतलात, तर गणित अजिबात नसते आणि इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र यांना मिळून ६० गुण असतात. ते तर तुम्ही रोज फळ्यावर शिकवता. उरलेले बालमानसशास्त्र, मराठी आणि इंग्रजी हे प्रत्येकी ३० गुणांचे भाग दोन्ही पेपरांना समान आहेत, त्यामुळे फारशी वेगळी तयारी करावी लागत नाही. मराठीत तुम्ही २४ घेतलेच आहेत.

खरी गळती बालमानसशास्त्रात आहे. पियाजे, वायगॉट्स्की आणि कोहलबर्ग हे मानसशास्त्रज्ञ डी.एड.ला पाठ केले आणि तिथेच सोडले, अशी आपल्या सर्वांची स्थिती असते. मी काय केले, तर वर्गातील एकेक मूल डोळ्यांपुढे आणले. उंच पेल्यातील पाणी पसरट वाटीत ओतल्यावर ‘बाई, कमी झालं’ म्हणणारी पहिलीतील मुलगी आठवली की पियाजेची पूर्वक्रियात्मक अवस्था पुन्हा पाठ करावी लागत नाही. परीक्षेतले बहुतेक प्रश्न असे वर्गातल्या प्रसंगावरच असतात.

सीटीईटी ही केंद्रीय परीक्षा आपल्या राज्यात शिक्षक भरतीसाठी ग्राह्य धरली जाते आणि दोन्ही परीक्षांची प्रमाणपत्रे आता आजीवन वैध आहेत. मात्र सीटीईटीत मराठी ही केवळ भाषा विषय म्हणून निवडता येते. बालमानसशास्त्र आणि सामाजिक शास्त्रे यांचे प्रश्न हिंदी व इंग्रजीतच असतात आणि त्यांचा आधार एनसीईआरटीची (राष्ट्रीय पातळीवरील) पुस्तके असतात, बालभारतीची नव्हेत. ‘अक्षांश’ला हिंदीतही ‘अक्षांश’च म्हणतात, पण ‘राज्यघटना’ तिथे ‘संविधान’ होते आणि ‘हवामान’ ‘जलवायु’ होते, आणि दोन-तीन प्रश्न अशा शब्दांपाशीच अडतात. तरी एक जादा संधी म्हणून अर्ज जरूर भरा. चुकीच्या उत्तराला दोन्हीकडे गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटची अकरा गोलं भरलीत ते योग्यच केलेत.

आणखी एक. उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्राची पडताळणी होऊन सेवापुस्तकात नोंद झाल्याची खात्री स्वतः करून घ्या. २०१९ च्या परीक्षेतील गैरप्रकार उघडकीस आल्यावर २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली, आणि तेव्हापासून प्रत्येक प्रमाणपत्राकडे संशयाने पाहिले जाते.

डोंगरशाळा:

सर्वांचे, विशेषतः रेघोटीताईंचे मनापासून आभार. पेपर दोनमध्ये गणित नसते, हे माझ्या खरोखरच ध्यानात आले नव्हते. सहावीचा इतिहास शिकवणाऱ्याने अभ्यासक्रमाचे पान न उलटता अर्ज भरावा, याची आता लाज वाटते. यापुढे दोन्ही पेपरांचा अर्ज भरेन आणि सीटीईटीचाही भरेन. सामाजिक शास्त्रांसाठी एनसीईआरटीची हिंदी पुस्तके संकेतस्थळावरून उतरवून घेतली आहेत.

बाईंना जुनेजाणते यांचा प्रतिसाद आज मधल्या सुट्टीत वाचून दाखवला. त्यांनी सेवापुस्तक काढून जन्मतारखेचे पान दोनदा पाहिले, आणि मग केंद्रप्रमुखपदासाठी टीईटी द्यायची झाल्यास माझी पुस्तके त्यांना मिळतील का, असे विचारले. तेव्हा आणखी एक शंका: त्या गेली अनेक वर्षे फक्त पहिली-दुसरीला शिकवतात, पण पदवीधर आहेत. पदोन्नतीसाठी त्यांनी पेपर एक द्यावा की दोन?