प्रति: अपग्रेडनंतर पॅच लावला, पण बिल्ड अडतोय

फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम १३ वरून १४ वर आल्यावर तिच्या सोर्सला (मूळ कोडला) दुरुस्तीचा पॅच लावला आणि बिल्ड, म्हणजे कोडपासून सिस्टीम तयार करणं, मध्येच थांबलं, असं तुम्ही लिहिलंय. आधी यूएसआरखालची ओबीजे डिरेक्टरी बघा, बिल्डमध्ये तयार होणाऱ्या फाइल्स तिथे साठतात. तिथे १३ च्या वेळच्या ऑब्जेक्ट फाइल्स (कंपाइल झालेले कोडचे तुकडे) उरलेल्या असू शकतात. बिल्ड चालवणारी मेक ही कमांड एरवी फाइलची वेळ बघते. ऑब्जेक्ट सोर्सपेक्षा नवा दिसला की ती फाइल परत कंपाइलच करत नाही. मग जुने तुकडे नव्या हेडरशी (कोडमधल्या सामाईक व्याख्यांच्या फाइल्सशी) जुळत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे बिल्ड सुरळीत पार पडतो आणि पॅच बायनरीत (तयार प्रोग्राममध्ये) उतरतच नाही. सुरक्षेचा पॅच असेल तर हे फार धोक्याचं.

रूट (मुख्य प्रशासक) होऊन ओबीजेमधलं सगळं आरएम कमांडने पुसा. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तर काही फाइल्सवर एससीएचजी फ्लॅग (बदलू किंवा पुसू न देणारी खूण) आहे. सीएचफ्लॅग्ज कमांड रिकर्सिव्ह, म्हणजे आतल्या सगळ्या फाइल्सवर, चालवून नोएससीएचजी करा (ती खूण काढा) आणि मग पुसा. सोर्स डिरेक्टरीत मेक क्लीनडिर दोनदा चालवा. पहिल्यांदा ओबीजेमधलं साफ होतं, दुसऱ्यांदा सोर्सच्या आत सांडलेलं.

पॅच लावल्यावर डॉट-आरईजे फाइल्स शोधा, पॅचचा न लागलेला भाग त्यांत राहतो. एक जरी सापडली तरी तेवढा भाग लागलेला नाही, आणि कदाचित सोर्स अजून जुन्या रिलीजचाच असेल.

बिल्डवर्ल्ड (सिस्टीम तयार करणारी पायरी) आणि इन्स्टॉलवर्ल्ड (ती बसवणारी पायरी) यांच्यामध्ये मात्र ओबीजेला हात लावू नका. इन्स्टॉल तिथूनच होतं.